तपासणी एकटीची, पेरणी जोडीची

मृगाच्या आधी बियाण्याच्या दुकानात उभं राहून तुरीच्या पिशव्या वाचायची मला सवय आहे. उगवण किती टक्के, शुद्धता किती, लॉट नंबर, तपासणीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं. सोबत माहितीपत्रक असलं तर त्यात कालावधी, मर आणि वांझ रोगाला प्रतिकारक आहे का, दाणा पांढरा का तांबडा, हेक्टरी किती क्विंटल. सगळं उपयोगाचं आहे. पण आमच्याकडं तूर पेरणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न वेगळाच असतो, ही कुणासोबत पेरायची? बाजरीत चालेल का, उडदात चालेल का, सोयाबीनच्या मधी टाकली तर काय होईल? त्याचं उत्तर पिशवीवर नसतं, माहितीपत्रकात फार तर "आंतरपिकासाठी योग्य" असं लिहिलेलं असतं, आणि ते कुठल्या पिकासोबत किती ओळींत तपासून लिहिलंय हे कुणी सांगत नाही.

मला यावर बरेच दिवस लिहायचं होतं कारण ही साधी वाटणारी गोष्ट खरं तर खूप मोठी आहे. आमचं रान दक्षिण सोलापूर तालुक्यात, भाऊ बघतो, मी शहरात राहते पण पेरणी-काढणीला असतेच. आमच्या भागात आता ठिबकवर टोकण केलेली एकटी तूर दिसायला लागलीय, पण कोरडवाहू रानात एकटी तूर मी क्वचितच बघितली. तिच्या शेजारी कुणीतरी असतंच. आणि तिचे वाण मात्र निवडले जातात एकटीच्या प्लॉटवर. सगळीकडं एकटं पीक, सारखं अंतर, तण काढलेलं, शिफारशीएवढं खत, आणि त्यात जो वाण जास्त वजन देईल तो पुढं जातो. मग तोच वाण आपण आणतो आणि बाजरीच्या दोन ओळींच्या आड लावतो, जिथं पहिले दोन महिने त्याला नीट ऊनही मिळत नाही.

आधी हे सांगते की बाजरी आणि तूर ही जोडी का चालते, कारण तिथंच पुढचं सगळं आहे. तूर सुरुवातीला अगदी सावकाश वाढते, दीड-दोन महिने वर काही दिसत नाही, तिचं सगळं काम खाली मुळाशी चाललेलं असतं. त्या काळात बाजरी झपाझप वाढते, वरच्या थरातलं पाणी आणि ऊन वापरते आणि ऐंशी-नव्वद दिवसांत कापून मोकळी होते. मग सप्टेंबरात बाजरी निघाली की तुरीला मोकळं रान, उत्तरा-हस्ताचा पाऊस आणि खाली काळ्या जमिनीत मुरलेली ओल मिळते, ती फांद्या टाकते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते आणि डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते. म्हणजे दोघींची भूक वेगवेगळ्या वेळी लागते. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राची बाजरी आणि तूर दोनास एक ओळ ही शिफारस जुनी आहे आणि ती आमच्या लोकांनी मनापासून उचललीय, कारण मुळात ती आपल्याच जुन्या मिसळ पेरणीला शिस्त लावून केलेली आहे.

हिशोब करायची पद्धत पण सांगते. समजा एकटी बाजरी एकरी ८ क्विंटल आणि एकटी तूर ६ क्विंटल येते. दोन्ही एकत्र लावल्यावर बाजरी ६ आणि तूर साडेचार आली. बाजरीचे पाऊण आणि तुरीचे पाऊण, बेरीज दीड. म्हणजे एका एकरात जे निघालं ते वेगवेगळं काढायला दीड एकर लागला असता. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली सुरू झाली, तिथं ज्वारी आणि तुरीच्या जोडीवर असल्या हिशोबाचं भरपूर काम झालं. पण मला त्यातला वेगळाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. राव आणि विली या शास्त्रज्ञांनी १९८० साली बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र करून बघितलं, की एका ठरावीक उत्पन्नाच्या खाली गेलं म्हणजे पीक बुडालं असं धरलं तर कुठली पद्धत किती वेळा बुडते. एकटी तूर पाच वर्षांतून एकदा, एकटी ज्वारी आठ वर्षांतून एकदा, आणि दोन्ही मिळून छत्तीस वर्षांतून एकदा. सोलापूरच्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही, बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या प्रत्येक घरात पाच वर्षांतून एकदा बुडणं म्हणजे काय हे माहीत आहे.

आता एवढं मोठं काम ज्या पद्धतीत होतंय, तिच्यासाठी वाण वेगळे हवेत का नकोत?

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. मालदांडी ज्वारी, एम ३५-१. यातला एम म्हणजे मोहोळ. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून हा वाण काढला, आणि आज इतक्या वर्षांनी पण रब्बीला लोक तो पेरतात. मधल्या काळात संकरित ज्वारी आली, १९६४ साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण सीएसएच-१ आला, खरिपात त्यानं चांगलं उत्पादन दिलं, पण आमच्या रब्बीच्या रानात संकरित ज्वारीचं तसं बस्तान बसलं नाही. कारण रब्बीची ज्वारी पावसावर नाही तर जमिनीतल्या ओलीवर येते, तिथं खोडमाशी आहे, शेवटी ओल तुटली की खोड पोकळ करणारा खडखड्या रोग येतो, आणि लोकांना दाण्याएवढाच कडबा पाहिजे. भाकरी पांढरी आणि मऊ पाहिजे ते वेगळंच. म्हणजे वाण चांगला का वाईट हे त्याला कुठं जगायचंय त्यावर ठरतं, हे आमच्या भागानं फार आधी शिकून घेतलंय.

आणि शास्त्रज्ञांनी पण ते मान्य केलंय! राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीनुसार दिलेत. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा किंवा फुले रेवती. हे मला खरंच फार मोठं काम वाटतं. पूर्वी सगळ्यांना एकच वाण सांगायचे, आता शेतकरी आधी विचारतो की माझं रान किती खोल आहे, दीड फुटाचं का तीन फुटाचं, आणि मग बी घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जे जमिनीच्या बाबतीत केलं तेच सोबतीच्या बाबतीत करा. पिकाला खाली जमीन असते तसं शेजारी दुसरं पीक असतं, आणि ते शेजारचं पीक पण त्याच्या वाट्याचं पाणी, ऊन, जागा ठरवत असतं.

तूर घ्या. बाजरीत दोनास एक लावायची तर तिच्यात काय पाहिजे, हे मी भावाशी, शेजारच्या काकांशी, आणि काढणीला येणाऱ्या बायकांशी बोलून बोलून गोळा केलंय, त्यात वाचलेलं पण मिसळलंय.

पहिलं, रोपटं सावलीत टिकलं पाहिजे. काही तुरी बाजरीच्या सावलीत नुसत्या उंच आणि बारीक होतात, उजेडाकडं पळतात, खोडात ताकद राहत नाही, आणि बाजरी कापताना जरा धक्का लागला की मोडतात. कापणाऱ्या बायका सांगतात कुठली तूर वाकून परत उभी राहते आणि कुठली कटकन तुटते, हे निरीक्षण मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

दुसरं, फांद्या. इथं थोडं मोजमाप बघा. ४५ सेंटिमीटरवर ओळी धरल्या, दोन बाजरीच्या आणि एक तुरीची, तर तुरीच्या एका ओळीपासून दुसरी ओळ १३५ सेंटिमीटरवर येते. बाजरी निघून गेल्यावर हे सगळं अंतर तुरीनं भरून काढायचं असतं. एकट्या तुरीच्या प्लॉटमध्ये ओळी याच्यापेक्षा बऱ्याच जवळ असतात, तिथं सरळ वाढणारं, आखूड फांद्यांचं झाड एकरात जास्त मावतं म्हणून पुढं जातं, आणि फांद्या पसरणारं झाड शेजाऱ्याला अडवतं म्हणून मागं पडतं. आमच्या रानात बरोबर उलटं हवं, आधी दोन महिने गपचूप अंग चोरून राहणारं आणि नंतर ऐसपैस पसरणारं. एकटीच्या तपासणीत जे झाड पहिल्या फेरीतच बाजूला काढलं जात असेल तेच कदाचित आम्हाला हवं असेल, आणि ते आमच्यापर्यंत येतच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं कारण ते बी एकदा गेलं की परत शोधणं अवघड असतं.

तिसरं, कालावधी, आणि इथं परत जमीन येते. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या बीएसएमआर ७३६ सारख्या तुरी १८० दिवसांच्या आसपास घेतात, खोल काळ्या रानात ते चालतं. बीडीएन ७११ दीडशे ते एकशेसाठ दिवसांत येते, मध्यम आणि हलक्या रानात तीच बरी, कारण तिथं नोव्हेंबरात ओल संपते आणि लांब मुदतीची तूर शेंगा भरताना तहानेनं बसते. पण लवकर येणाऱ्या तुरीत एक अडचण आहे, ती बाजरीच्या कालावधीच्या जवळ सरकते. दोघींच्या भुकेच्या वेळा जितक्या जवळ तितकी भांडणं जास्त. म्हणजे हलक्या रानासाठी तूर लवकरची पाहिजे आणि तरी सुरुवातीला सावकाश पाहिजे, हे दोन्ही एकत्र आणणं हेच खरं वाण काढणाऱ्याचं काम आहे, आणि ते एकट्या प्लॉटवर बसून दिसणारच नाही कारण तिथं सुरुवातीला सावकाश वाढणं हा दोष मानला जातो.

शिवाय अळीनं पहिला बहर खाल्ला तरी परत फुलायची ताकद पाहिजे, ते आपल्या पसरट गावरान तुरीत असतंच.

रोगाचं पण एक आहे. तुरीचा मर रोग जमिनीतल्या बुरशीनं होतो, आणि ज्वारीसोबत लावलेल्या तुरीत तो कमी दिसतो हे इक्रिसॅटच्या प्रयोगांत आलेलं आहे. म्हणजे सोबतीण नुसती पाणी आणि ऊन वाटून घेत नाही, कधीकधी राखण पण करते. मग वाण तपासताना रोगाचे आकडे सुद्धा जोडीत घ्यायला नकोत का?

बाजरीच्या बाजूनं काम सोपं आहे. धनशक्ती नावाची बाजरी आहे, जास्त लोह असलेली, आपल्या महाराष्ट्रातच आधी आली. ती आयसीटीपी ८२०३ या वाणातून सुधारून काढलेली, आणि तो मूळ वाण आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या टपोऱ्या दाण्याच्या गावरान बाजरीतून इक्रिसॅटनं निवडलेला, १९८८ साली आपल्याकडं प्रसारित झाला. लवकर येते, संकरित नाही, सुधारित वाण असल्यामुळं घरचं बी धरता येतं, आणि फार उंच होत नाही, तुरीसाठी ही सोबत बरी. फक्त सरमाड, म्हणजे बाजरीच्या ताटांची वैरण, कमी पडतं म्हणून ज्यांच्याकडं जनावरं जास्त आहेत ते उंच बाजरी मागतात, आणि उंच बाजरी म्हणजे तुरीवर जास्त सावली. त्यांचं म्हणणं चूक नाही. वैरणीला किंमत आहे, आणि जो हिशोब फक्त धान्याचा करतो तो आमच्या गोठ्याचा हिशोब सोडून देतो.

बाहेर हे काम झालेलं आहे, नाही असं नाही. नायजेरियात आयआयटीए ही शेती संशोधन संस्था आहे, तिथं बी. बी. सिंग या आपल्या भारतीय शास्त्रज्ञानं अनेक वर्षं चवळीवर काम केलं. तिथले शेतकरी चवळी ज्वारी-बाजरीतच लावतात, आणि फवारणीच्या जोरावर एकटी चवळी म्हणून काढलेले वाण त्यांच्या रानात नीट चालत नव्हते, एक तर सावली आणि दुसरं म्हणजे त्यांना दाणा पण पाहिजे आणि वैरण पण. मग कानोच्या कोरड्या भागात चवळीच्या ओळी धान्याच्या पिकातच तपासायला सुरुवात केली आणि दाणा-वैरण दोन्ही देणारे वाण निघाले. कोलंबियात सियाट या शेती संशोधन संस्थेत घेवडा आणि मका या जोडीवर असंच झालं, तिथं वेलीचा घेवडा मक्याच्या ताटावर चढतो, त्यामुळं वेल किती जोरकस असावा हे मक्याचं ताट किती मजबूत आहे त्यावर ठरतं, एकाचा विचार सोडून दुसरा निवडताच येत नाही. नायजेरियाचं उदाहरण वाचताना मला सारखं आमचं रान आठवत होतं, तीच कोरडवाहू जमीन, तीच जनावरं, तीच सावली.

मग आपल्याकडं का होत नाही? कारणं खरी आहेत, शास्त्रज्ञांना दोष देऊन चालणार नाही. पन्नास तुरी आणि दहा बाजऱ्या धरल्या तर पाचशे जोड्या होतात, त्या तीन प्रकारच्या जमिनीत आणि तीन-चार हंगामात घ्यायच्या म्हणलं तर कुठलंच केंद्र पुरणार नाही. त्यावर उपाय म्हणून एक-दोन ठरावीक सोबती घेतात आणि सगळ्या तुरी त्यांच्याशीच लावून बघतात, म्हणजे कुठली तूर कुणाबरोबरही जमवून घेते आणि कुठली फक्त एखाद्याच बाजरीबरोबर खुलते हे कळतं. दुसरं म्हणजे प्रत्येक पिकाला असं करायची गरजच नाही. जोडीत जे पीक वरचढ असतं, म्हणजे इथं बाजरी, त्याचा एकट्यातला क्रम आणि जोडीतला क्रम साधारण सारखा येतो, एकटी चांगली ती जोडीत पण चांगली. क्रम जास्त बदलतो तो दबणाऱ्या पिकाचा. म्हणून सगळी ताकद तूर, उडीद, मूग, चवळी यांच्यावर लावायची आणि बाजरीची निवड आहे तशी चालू द्यायची, पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात. मला हे पटतं, सगळं बदला असं म्हणून काहीच बदलत नाही.

आणि खरं सांगायचं तर जोडीतली निवड आपल्या बायका कायम करत आल्यात. माझी आत्या अजून गावरान तूर राखून आहे. काढणीच्या आधी ती ओळीतून फिरते आणि बाजरीच्या मधल्या तुरीतली झाडं बघून खूण करते, बांधाकडची नाही. बांधाकडचं झाड मोठं दिसतं पण त्याला मोकळी जागा मिळालेली असते म्हणून, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे तिचं ठाम मत आहे. हे ऐकून मला किती आनंद झाला सांगू, संशोधन केंद्रात पण कडेची ओळ मोजणीत धरत नाहीत! तुरीत मधमाश्या फिरतात त्यामुळं बऱ्यापैकी परपरागीकरण होतं, आजूबाजूच्या वाणांचा गुण घरच्या बियाण्यात येत राहतो, त्यामुळं शुद्ध वाण राखायला ते त्रासाचं आहे खरं, पण आत्यासारखी निवड करणाऱ्याला दरवर्षी नवीन झाडं बघायला मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या बाजरीच्या सावलीत निवडून आलेली ही तूर आहे. अशी बियाणी बार्शीकडं, अक्कलकोटकडं, मंगळवेढ्याकडं अजून घराघरात असतील, आणि जोडीसाठी वाण काढायचा तर सुरुवात तिथूनच करायला पाहिजे असं मला वाटतं. मालदांडी पण अशीच कुणाच्या तरी रानातून मोहोळला आली होती.

एक गोष्ट मात्र लवकर केली पाहिजे. मजुरी वाढलीय, लोक तणनाशकाकडं वळलेत, आणि बाजरी-तुरीच्या जोडीत तणनाशक बसवणं अवघड जातं, एकाला चालतं ते दुसऱ्याला मारतं. सोयाबीन आणि तूर दोन्ही द्विदल, तिथं ते जमतं, म्हणून पण ती जोडी वाढतीय. पण सोयाबीनला आमच्या हलक्या रानात पाऊस पुरत नाही. बाजरीची जोडी एकदा मोडली की तिच्यासोबतची तूर पण जाईल, कारण ती एकटीनं स्पर्धा करायला बनलेलीच नाही.

यावर्षी आम्ही मध्यम रानात पट्टे पाडणार आहोत. बाजरी एकच, धनशक्ती. तुरी तीन, बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६ आणि आत्याची गावरान. प्रत्येकीचा एक पट्टा बाजरीत दोनास एक, आणि एक छोटा पट्टा एकटीचा, आणि हे सगळे पट्टे रानात परत परत वेगळ्या क्रमानं लावायचे म्हणजे जमिनीचा फरक वाटला जाईल. कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींचं वजन घ्यायचं, तुराट्या आणि सरमाड पण मोजायचं, कापणीत मोडलेली झाडं मोजायची. एका रानाचा एका वर्षाचा आकडा म्हणजे काही पुरावा नाही, म्हणून शेजारच्या दोघांना पण तयार केलंय, त्यांची जमीन आमच्यापेक्षा हलकी आहे. एकट्या पट्ट्यांतला आणि बाजरीतला क्रम सारखा आला तर पुढच्या वर्षी सरळ माहितीपत्रक बघून बी घेऊ. बदलला, तर आकड्यांची वही आणि आत्याच्या तुरीचं किलोभर बी घेऊन जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याच्या कृषी प्रदर्शनात जाणार, तिथं तूर-बाजरीवर काम करणारं कुणी भेटलं तर त्यांच्यासमोर वही उघडून बसणार. तुमच्याकडं बाजरीत किंवा उडदात टिकून राहिलेली जुनी तूर असेल तर पेरणीच्या आधी मला मूठभर बी द्या, तिचा पण पट्टा पाडते.